तेरच्या टेबलावरचे जहाज

तेरमध्ये समुद्र नाही. तेरणा आहे, आणि तीही उन्हाळ्यात पात्रातले दगड दाखवू लागते. तरीही जहाजांच्या गोष्टी या गावाला परक्या नाहीत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या पुस्तिकेत ‘तगर’ नावाचे एक नगर येते. पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवरचे हे नगर. तेथून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराकडे जात असे. ते तगर म्हणजेच आपले तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. गावातील लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताची बाहुली पाहून येणाऱ्याला ही गोष्ट मुद्दाम पटवावी लागत नाही. आमचे अण्णा हे सारे वर्गात शिकवीत आणि तासाच्या शेवटी ठरलेले वाक्य उच्चारीत, “आपल्या गावाने जहाज पाहिले नाही, पण जहाजे भरली मात्र आपण.”

अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७८, निवृत्त विज्ञानशिक्षक. खरे जहाज त्यांनी आयुष्यात एकदाच जवळून पाहिले. शाळेची सहल मुंबईला नेली, तेव्हा संग्रहालय म्हणून उभी असलेली जुनी ‘विक्रांत’ त्यांनी मुलांना दाखवली होती. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली ती विमानवाहू नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २०१४ मध्ये भंगारात गेली. ती बातमी आली त्या दिवशी अण्णांनी वर्तमानपत्र घडी न मोडता तसेच ठेवून दिले होते, हे मला आठवते.

त्यांच्या हातांचा कंप तीन वर्षांपूर्वी सुरू झाला. प्रथम चहा बशीत सांडू लागला. मग सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. मग सही जुळत नाही म्हणून बँकेतून धनादेश परत आला, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा कंपवात नव्हे. हात मांडीवर स्वस्थ असताना तो दिसत नाही. काही करावयास गेले की उमटतो आणि नेमके काम आले की वाढतो. वृद्धांमध्ये हा प्रकार पुष्कळ आढळतो. वाचकांनी मात्र असा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये. कंप नव्याने सुरू झाला असेल, एकाच बाजूला असेल, चाल मंदावली असेल, तर वैद्यकीय तपासणी आधी. दम्याच्या काही औषधांनीही हात थरथरतात, थायरॉईड वाढल्यानेही थरथरतात. आणि हात अचानक लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे ही तर तत्काळ रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

निदान झाले, औषध सुरू झाले, आणि आम्ही घरची माणसे कामाला लागलो. कप अर्धाच भरू लागलो. गुंड्या आम्हीच लावू लागलो. पत्रे आम्ही लिहू लागलो. महिन्याभरात अण्णांच्या हातांना करण्यासारखे काही उरले नाही, आणि ते दिवसभर खिडकीशी बसू लागले.

गेल्या दिवाळीत माझ्या मुलाने पुण्याहून येताना एक पेटी आणली. आत प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून जोडावयाचे ‘टायटॅनिक’ जहाज. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बुडालेले जहाज घरात कशाला गं?” अण्णांनी पेटीवरून नजर न उचलता उत्तर दिले, “ते अटलांटिकमध्ये बुडाले. हे तेरणेलासुद्धा लागणार नाही.” कित्येक दिवसांनी ते काहीतरी विनोदी बोलले होते.

पहिली चूक पेटीतच होती. प्रतिकृतीच्या संचावर एक प्रमाण छापलेले असते. १/१२०० म्हणजे मूळ जहाजापेक्षा बाराशे पट लहान. टायटॅनिक सुमारे २६९ मीटर लांब होते. बाराशेने भागले की २२ सेंटिमीटर उरतात, आणि त्यातली डोलकाठी केसासारखी होते. तरुण डोळ्यांनाही ती दिसेना. मुलाने तो संच स्वतःकडे ठेवला आणि १/७०० चा दुसरा मागवला. त्यात जहाज ३८ सेंटिमीटरांचे होते. या १/७०० प्रमाणाला मान मिळाला तो १९७१ मध्ये, जेव्हा जपानच्या चार कंपन्यांनी मिळून पाण्याखालचा भाग नसलेल्या जहाजांची मालिका याच मापात सुरू केली. अण्णांना त्यात वेगळाच हिशेब सापडला. जुनी विक्रांत सातशे फूट लांब होती. “म्हणजे या मापात ती बरोबर एक फूट होईल,” ते म्हणाले, आणि शिसपेन्सिलीने टेबलावर एक फुटाची रेघ ओढून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

ज्यांना हा छंद वृद्धांसाठी घ्यावयाचा आहे, त्यांनी जहाज कोणते यापेक्षा भाग किती आणि केवढे, हे पाहून संच निवडावा. पुष्कळ पेट्यांवर अवघडपणाचे आकडे असतात. सर्वांत लहान आकडा निवडण्यात काही कमीपणा नाही. गोंदाशिवाय नुसते दाबून बसणारे संचही मिळतात. स्मरणशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीसाठी तेच घ्यावेत, आणि भाग आधीच सुटे करून, एका वेळी चार-पाचच पुढ्यात ठेवावेत. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. असे छंद विस्मरणाचा आजार थांबवतात, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. दुपार बरी जाते, आणि हात वापरात राहतात. एवढे मला पुरेसे वाटते.

आता टेबलाविषयी, कारण खरी कारागिरी तेथे आहे. उत्तम प्रतिकृती करणारे लोक स्थिर हातांचे असतात, असा माझा समज होता. अण्णांबरोबर सहा महिने बसल्यावर कळले की त्यांच्या युक्त्यांपैकी अर्ध्या हातावर भरवसा न ठेवण्याच्या आहेत. स्थिरता हातात नसली तरी ती टेबलावर मांडून ठेवता येते.

प्रकाशापासून आरंभ करावा. वयाच्या साठीत डोळ्यांच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. ‘दिसत नाही’ ही पुष्कळांची तक्रार प्रत्यक्षात ‘दिवा पुरत नाही’ अशी असते. दिवा डावखुऱ्याने उजवीकडे आणि उजव्याने डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. मोतीबिंदू असलेल्यांना उघडा दिवा टोचतो. त्यांनी झाकणीचा वापरावा. भिंग हातात धरावयाचे नको, गळ्यात अडकवावयाचे किंवा उभ्या दांडीचे हवे. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग अण्णांनी हट्टाने मागवले आणि दोन दिवसांत बाजूला ठेवले.

दुसरी गोष्ट सोनाराकडून घेतली. सोनार काम करताना पाटाखाली काही ना काही पसरतो, म्हणजे सोन्याचा कण वाया जाऊ नये. आम्ही एक जुने धोतर टेबलाच्या कडेला कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवले आणि त्याचे दुसरे टोक अण्णांच्या कमरेला खोवले. चिमट्यातून निसटलेला प्रत्येक भाग त्या झोळीत पडतो. हे जहाजासाठी तर चांगलेच, परंतु माणसासाठी अधिक महत्त्वाचे आहे. खाली वाकून, टेबलाखाली डोके घालून तांदळाएवढा तुकडा शोधताना कित्येक वृद्ध पडतात. वाकून एकदम उभे राहिल्याने रक्तदाब खाली जाऊन भोवळ येते. सामान जमिनीवर पोहोचूच नये, अशी मांडणी असावी.

खुर्ची हातांची, पाय जमिनीला टेकतील अशी. टेबल एवढ्या उंचीचे की दोन्ही कोपरे त्यावर आरामात विसावतील. या एका गोष्टीने अण्णांचा कंप निम्मा झाल्यासारखा दिसला. खांद्यापासून हवेत लटकलेला हात थरथरतो. कोपर टेकले की फक्त मनगट हलते. मनगट टेकले की फक्त बोटे. दोन्ही हातांची मनगटे एकमेकांना टेकवून काम केले की दोघांचा कंप एकत्र होतो आणि ब्रश व भाग यांच्यातले अंतर बदलत नाही. ब्रशाच्या दांडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड केली, तर संधिवाताच्या बोटांनाही ती धरवते. कामाआधी कडक चहा-कॉफी नको आणि रिकामे पोटही नको. दोन्हींनी हात अधिक हलतो.

भाग कापण्यापूर्वी सर्व चौकटी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवून घ्याव्यात. साच्यातून सुटे व्हावेत म्हणून कारखान्यात लावलेले तेलकट द्रव्य त्यांवर राहिलेले असते. त्यावर रंग धरत नाही. धुणे हे काम अण्णांना फार आवडले. कोमट पाण्यात हात घालून वीस मिनिटे बसावयाचे; बोटांचे सांधे त्या सकाळी मोकळे होतात.

चौकटीपासून भाग पिळून तोडू नये. सपाट तोंडाच्या लहान कटरने आधी भागापासून दूर कापावे, मग उरलेला खुंट दुसऱ्या कापणीने काढावा, आणि जो कण राहील तो पॉलिश पेपरने घासावा. एकदम जवळून कापले तर प्लॅस्टिकला पांढरा डाग पडतो किंवा खड्डा पडतो. धारदार सुरी आमच्या टेबलावर नाहीच. अण्णा रक्त पातळ करणारी गोळी घेतात. अशा माणसाला लहान काप लागला तरी रक्त लवकर थांबत नाही. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांना तर कापल्याचे कळतही नाही. घासण्याने जे काम होते ते सुरीने करू नये. घासताना पेपर हलवण्याऐवजी तो टेबलाला चिकटवावा आणि भाग त्यावर फिरवावा. ४०० क्रमांकाचा पेपर आधी, ८०० चा नंतर, आणि शेवटी पेपर ओला करून १००० चा.

मग कोरडी जोडणी. कोणताही भाग गोंदाशिवाय लावून, चिकटपट्टीने धरून, चहूबाजूंनी पाहावा. येथे घाई करणारा पुढे आठ दिवस लांबी भरत बसतो. अण्णा प्रत्येक भाग तीनदा लावून पाहत. मला ते वेळ घालवणे वाटे. जहाजाच्या दोन बाजूंमध्ये एका टोकाला पोस्टकार्डाएवढी फट राहत होती, ती त्यांना तिसऱ्या वेळी दिसली. आतल्या बाजूने दोन खुंट्या घासल्यावर ती मिटली. गोंद लावल्यावर दिसली असती तर मिटली नसती.

त्या गोंदाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. हे संच बहुधा पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. त्यांचा खास गोंद नेहमीच्या अर्थाने चिकटवत नाही. त्यातला द्रावक दोन्ही कडा किंचित वितळवतो, त्या एकमेकींत मिसळतात, आणि द्रावक उडून गेला की तेथे जोड उरत नाही, एकच अखंड प्लॅस्टिक होते. म्हणून तो फार थोडा लागतो. दोन भाग आधी एकत्र धरावेत, रबराने किंवा चिमट्याने बांधावेत, आणि ब्रशाच्या टोकाने गोंदाचा थेंब केवळ फटीला टेकवावा. फट तो स्वतःच ओढून घेते, वातीने तेल ओढावे तसा. बांधलेला भाग हातात धरून बसावे लागत नाही. पारदर्शक खिडक्यांना हा गोंद लावू नये, झटपट चिकटणारा गोंदही नको. त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तेथे साधा पांढरा फेविकॉल उत्तम. द्रावकाची वाफ श्वासाला चांगली नसते. खिडकी उघडी, पंखा हवा बाहेर ढकलेल असा, बाटली बंद. दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असणाऱ्यांनी गोंद नसलेलाच संच घ्यावा.

रंगही पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक घ्यावेत, आणि ते दुधाइतके पातळ करावेत. जाड रंगाचा एक हात देण्यापेक्षा पातळ रंगाचे तीन हात द्यावेत. पहिल्या हाताला प्लॅस्टिक आरपार दिसते आणि मन खट्टू होते. ते होऊ द्यावे. मधले वाळणे पुरते झाले पाहिजे. अण्णा एकदा घाईने बोट टेकवू लागले, तेव्हा मी म्हटले, “अण्णा, गोरोबाकाकांच्या गावात राहून कच्च्या मडक्यावर थाप मारता?” ते हसले आणि हात मागे घेतला. वाळण्याच्या त्या तासाभरात ते उठून अंगणात फेऱ्या मारतात. अर्ध्या तासाहून अधिक एका जागी बसू नये आणि जवळच्या कामात पापण्या लवणे कमी होऊन डोळे कोरडे पडतात, म्हणून मध्ये दूरवर पाहावे, हे मी त्यांना वर्षभर सांगत होते. रंगाने ते एका दिवसात ऐकवले. फेऱ्या मारताना ते जहाजांच्या गोष्टी सांगतात. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे, ही त्यांची आवडती.

सगळे जहाज जोडून मग रंगवू नये. काळे अंग वेगळे, वरचे पांढरे मजले वेगळे, पिवळसर धुराडी वेगळी, असे रंगवून शेवटी एकत्र आणावे. दोन रंगांच्या सीमेवर बारीक ब्रश चालवण्याची पाळीच येत नाही.

एक सीमा मात्र टळत नाही. तळाचा तांबडा आणि वरचा काळा यांच्यामधली पाणरेषा. ती वाकडी गेली की सगळे जहाज खेळण्यासारखे दिसते. आम्ही काड्यापेट्यांची चळत केली, तीवर शिसपेन्सिल आडवी चिकटवली, तिचे टोक रेषेच्या उंचीला आणले, आणि सपाट काचेवर समतोल बसवलेले जहाज त्या टोकाला टेकवून हळूहळू फिरवले. पेन्सिल हलत नाही, जहाज फिरते, आणि रेषा भोवताली समान उंचीवर उमटते. थरथरणाऱ्या हाताने ओढलेली ती रेषा मी अजून कोणाला ओळखू दिलेली नाही. नंतर तांबडा रंग देऊन, वाळवून, रेषेखाली मास्किंग टेप लावावी आणि तिची कड दातकोरणीने घट्ट दाबावी. मग टेपच्या कडेवरून आधी पुन्हा तांबड्याचाच एक पातळ हात द्यावा. कडेखाली जो रंग झिरपायचा तो तांबडाच झिरपतो आणि फट बुजते. त्यानंतर काळा. टेप काढताना स्वतःवर दुमडून सावकाश ओढावी.

पाण्यात भिजवून सरकवण्याच्या चिठ्ठ्या, म्हणजे जहाजाचे नाव वगैरे, यांना चकचकीत वार्निशाचा हात दिलेला पृष्ठभाग लागतो. खरबरीत रंगावर लावल्या की त्यांच्याखाली हवा राहून चंदेरी डाग दिसतात. गंजाचे ओघळ रंगवण्याचा मोह अनेकांना होतो. नांगराखाली एखादा पुरे. पहिल्याच सफरीवर निघालेल्या जहाजाला गंज कोठून येणार, असे अण्णांचे म्हणणे.

मार्च महिन्यात जहाज बहुतेक झाले होते. डोलकाठ्या राहिल्या होत्या. पुढची डोलकाठी बसवण्याचा अण्णांनी तीन संध्याकाळी प्रयत्न केला. भोकाजवळ टोक आले की हात नेमका हले. तिसऱ्या संध्याकाळी ते काही न बोलता झोपावयास गेले. त्या रात्री मी आणि माझे यजमान टेबलाशी बसलो आणि ती डोलकाठी आम्ही लावून टाकली. पाच मिनिटांचे काम. भोक थोडे ढिले होते, म्हणून यजमानांनी ती अगदी काटकोनात धरली आणि गोंद मुरेपर्यंत हात हलवला नाही. सकाळी त्यांना किती आनंद होईल, याविषयी आम्ही दिवा मालवताना बोललोही.

सकाळी अण्णांनी जहाज पाहिले. भिंग लावून पाहिले. “डोलकाठी सरळ उभी केलीत,” एवढेच म्हणाले. मग त्यांनी जहाज पेटीत ठेवले, पेटी कपाटावर ठेवण्यास सांगितले आणि खिडकीशी जाऊन बसले.

पेटी सतरा दिवस कपाटावर होती. मी एकदा विचारले, दोनदा विचारले. “झाले की आता ते,” असे उत्तर आले. सहाव्या-सातव्या दिवशी मी संचातली आराखड्याची पत्रिका उघडली आणि बाजूचे चित्र नीट पाहिले. टायटॅनिकच्या डोलकाठ्या आणि चारही धुराडी सरळ नाहीतच. ती सारी किंचित मागे झुकलेली आहेत. अण्णांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. हात हलत होता तो भोक सापडत नव्हते म्हणून नव्हे. ते तो झुकाव शोधत होते.

मी कपाटावरून पेटी काढली, त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटले, “अण्णा, आमचे चुकले. ही काढायची कशी ते सांगा.” ते म्हणाले, “निघणार नाही ती. वितळून एक झाली आहे.” मग थोड्या वेळाने, “कापावी लागेल, सूनबाई.”

कापली त्यांनीच. खुंट घासून डेक सपाट केला. प्लॅस्टिकची डोलकाठी पुन्हा वापरायची नाही, असे ठरले. तशीही ती दोरांच्या ताणाने वाकते आणि जाणकार मंडळी तिच्या जागी धातूची तार बसवतात. पितळेची तार दोन सपाट फरश्यांमध्ये ठेवून, वरची फरशी तळहातांनी मागेपुढे लोळवली की तार बाणासारखी सरळ होते. तळहात थरथरले तरी बिघडत नाही. बोटांत फिरवण्याच्या बारीक ड्रिलने नवे भोक पाडले. आणि झुकावासाठी आराखड्यावरचा कोन जाड पुठ्ठ्यावर उतरवून त्रिकोणी तुकडा कापला. तो डेकवर उभा केला की तार केवळ त्याच्यावर टेकवून ठेवावयाची. धुराडीही त्याच पुठ्ठ्याने तपासली. तिसरे थोडे पुढे आलेले निघाले. धातूला प्लॅस्टिकचा गोंद चालत नाही, म्हणून दोन नळ्यांतून मिसळण्याचा, सावकाश घट्ट होणारा गोंद घेतला. त्याने हाताला सावरण्यास काही मिनिटे मिळतात.

माझ्याकडे कोणते काम होते? नळ्यांची टोपणे उघडणे. गोंद काडीने मिसळणे. दिवा थोडा खाली करणे. आणि नंतर हात पाठीमागे बांधून उभे राहणे, जे त्या सहा महिन्यांतले सर्वांत अवघड काम होते. अण्णांनी दोन्ही कोपरे टेकवली, मनगटाला मनगट लावले, श्वास पूर्ण सोडला आणि रिकाम्या श्वासाच्या त्या क्षणी तार खाली नेली. पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. मी काही बोलले नाही. चौथ्यांदा ती भोकात शिरली आणि पुठ्ठ्यावर रेलली.

दोर लावणे त्यानंतर फारसे जड गेले नाही. बारीक धागा मेणावरून ओढून घेतला की त्याची लव बसते, चांभार करतात तसे. आतले दोर आधी, बाहेरचे नंतर, म्हणजे हात लावलेल्या दोरांत अडकत नाही. प्रत्येक दोराचे एक टोक आज चिकटवावे आणि दुसरे उद्या. सैल राहिलेल्या एका दोराला मी सुचवले की कापून नवा लावू. अण्णांनी तो ठेवला. बंदरात लागलेल्या जहाजाचा एखादा दोर सैलच असतो म्हणे.

जहाज आता खिडकीत आहे, उन्हापासून हातभर आत, कारण उन्हाने प्लॅस्टिक वाकते आणि रंग उडतो. शेजारच्या काकू धूळ पुसावयास मऊ ब्रश घेऊन येतात. टेबलावरची एक फुटाची रेघ मात्र आम्ही पुसलेली नाही. तिच्यावर अण्णांनी कार्डबोर्डचे काही तुकडे मांडण्यास सुरुवात केली आहे, आणि धावपट्टीची रुंदी किती घ्यावी याविषयी नातवाशी रोज रात्री फोनवर वाद चालतो.

परवा बँकेचा एक अर्ज भरावयाचा होता. अण्णांनी तो खुर्चीच्या हातावर घेतला नाही. झोळीच्या टेबलाशी जाऊन बसले, दिवा लावला, दोन्ही कोपरे टेकवली, श्वास सोडला आणि सही केली. ती किंचित मागे झुकलेली आली. बँक ती जुळवून घेते की नाही, हे सोमवारी कळेल.